खाडीकाठची इंग्रजी

ताई, तुम्ही शांत स्वभावाच्या होतात हे ऐकून ऐकून माझे कान किटले. तेराव्यापर्यंत जो येईल त्याच्या तोंडी हेच. भेटायला आलेल्या बायका माझा हात धरायच्या, तुमच्या फोटोकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "किती शांत होत्या हो. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." मी मान हलवायचे. नणंद गेल्यावर भावजयीने मान हलवायचीच असते. पण तुम्हाला म्हणून सांगते, आत तिडीक जायची. एका छपराखाली एवढी वर्षं काढली मी तुमच्यासोबत. शांत माणसाच्या मनात काही नसतं. तुमच्या मनात काय काय होतं ते मला परवा कळलं, तेही बाहेरच्या बाईकडून.

ती बाई म्हणजे रेश्मा. तुमच्या इंग्रजीच्या वर्गातली, महाडकडची. ती काय सांगून गेली ते सांगतेच, पण आधी मला माझं बोलून घेऊ दे. तुम्ही असताना हा विषय काढला की तुम्ही उठून मोरीत भांडी घासायला जायचात. आता कुठे जाल?

माझी मानसी तेव्हा केजीच्या वयाची होती. गोडदेवमधल्या आपल्या गल्लीत त्या वर्षी सगळ्या आयांना एकच धसका होता. मीरा रोडच्या त्या मोठ्या इंग्रजी शाळेत पोराचा नंबर लागणार की नाही. शाळेचं म्हणणं असं की आम्ही इंटरव्ह्यू घेत नाही, नुसतं इंटरॅक्शन करतो. म्हणजे पोराला काही विचारायचं नाही, आईला विचारायचं. आई इंग्रजीत बोलली तर घर चांगलं, नाही बोलली तर घर आपलं असंच. आम्ही सगळ्या रत्नागिरीच्या नाही तर रायगडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, त्यातल्या निम्म्या तर गावच्या शाळेत. इंग्रजीत आम्हाला येत काय होतं? थँक्यू आणि सॉरी.

तुमची मराठी शाळा नुकतीच बंद पडली होती. वर्गात बसायला पोरंच उरली नव्हती. जी पोरं तुमच्या वर्गातून उठून गेली ती या असल्याच शाळांमध्ये गेली होती, आणि आता त्याच शाळांत पोरं घालायला निघालेल्या आया तुमच्या दारात उभ्या राहिल्या. तुम्ही एका शब्दाने काही बोलला नाहीत. चटई घातलीत आणि म्हणालात, "बसा." मला तेव्हाच राग आला होता. मी असते तर आधी दोन शब्द ऐकवले असते आणि मग चटई घातली असती.

जवळच हाटकेशला एक जण अशाच इंटरव्ह्यूची शिकवणी घ्यायचा. तो बायकांकडून वाक्यं घोकून घ्यायचा. तुम्हाला ते पटत नव्हतं. "पाठ केलंत तर पाठ केलेलं लगेच दिसतं. रोज डोळ्यांसमोर काय असतं, त्याचे शब्द शिका. मग अडणार नाही."

"डोळ्यांसमोर काय हाय आमच्या? गटार," रेश्मा म्हणाली.

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. मग थोडा वेळ विचार केलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी लवकर आवरा. जेसल पार्कला जाऊ, चौपाटीवर."

चौपाटी म्हणजे काय तर खाडीचा काठ. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता आणि वास नाकात जात होता. थंडीचे दिवस, आम्ही डोक्यावरून पदर ओढून उभ्या. लांब पाण्याच्या कडेला काहीतरी गुलाबी-पांढरं पसरलेलं दिसत होतं. मला वाटलं भरतीने आणून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. मग त्या पिशव्या चालायला लागल्या.

"याला फ्लेमिंगो म्हणतात," तुम्ही सांगितलंत. "मराठीत रोहित."

"मंग फ्लेमिंगोच बरा," रेश्मा म्हणाली. "रोहित माझ्या दिराचं नाव हाय. तो काय एवढा चांगला दिसत न्हाय."

तुमचा वर्ग असा सुरू झाला. तुम्ही आम्हाला तिथे, त्या वासात, एकेक शब्द दिलात. लेग, लाँग, थिन. नेक, कर्व्ह. बीक, बेंट. आधी बघायचं, मग शब्द, मग शब्दाला शब्द जोडून वाक्य. "ते काय करतायत?" तुम्ही विचारायचात.

"चालतायत."

"कशात?"

"चिखलात. पाण्यात."

"मग नुसतं वॉक म्हणू नका. वेड म्हणा. द फ्लेमिंगो वेड्स इन द मड."

वेड. पाय बुडवत, पाय ओढून काढत, हळूहळू पुढे सरकणं. त्याला मराठीत एका शब्दात काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. पावसाळ्यात आपली गल्ली तुंबते तेव्हा मी आजही मनात म्हणते, सुजाता वेड्स इन द मड. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, तुम्ही हसला असतात.

घरी आल्यावर फरशीवर खडूने चित्र काढून तुम्ही पुढचं शिकवायचात. फ्लेमिंगो डोकं उलटं करून खातो. तो जे खातो त्यामुळे गुलाबी होतो, नाही तर त्याला रंगच नसतो. यू आर व्हॉट यू ईट, असं तुम्ही म्हणालात, आणि रेश्मा म्हणाली म्हणूनच आपण सगळ्या चहाच्या रंगाच्या. मादी एकच अंडं घालते. घरटं चिखलाचंच असतं, छोट्या उंचवट्यासारखं. आई आणि बाप दोघंही आळीपाळीने अंड्यावर बसतात. पिल्लू राखाडी असतं, गुलाबी नाही. द चिक इज ग्रे अँड वीक. द मदर फीड्स द चिक. द फादर आल्सो फीड्स द चिक. या वाक्याला बायका थांबल्या. "फादर पण?" "फादर पण," तुम्ही म्हणालात. बराच वेळ त्यावरच चर्चा चालली. इंग्रजी बाजूला राहिली.

मी तुम्हाला विचारलं होतं, "ताई, ते इथे घरटी बांधतच नाहीत. अंडी तिकडे कच्छात घालतात असं तुम्हीच सांगता. मग न दिसणाऱ्याचे शब्द कशाला?"

तुम्ही म्हणालात, "कारण तिथे तुम्हाला फ्लेमिंगोबद्दल कोण विचारणार आहे? पोराबद्दल विचारतील. चिक, फीड, वीक, स्ट्राँग, ग्रो, हे शब्द तिथे लागतील. नेस्टच्या जागी होम म्हणा, चिकच्या जागी माय डॉटर म्हणा, झालं."

किती साधं होतं, आणि किती हुशार होतं. तिथे बसलेल्या आम्हाला मात्र ते तेवढं कळलं नाही. आम्हाला कळलं ते तुमचं दुसरं वाक्य. शेवटच्या दिवशी सगळ्या घाबरल्या होत्या, एक जण रडायलाच लागली, तेव्हा तुम्ही धीर द्यायला म्हणालात, "घाबरू नका गं. अडलात तर मनातल्या मनात खाडीवर जा. तिथे तुमचे शब्द आहेत."

आम्ही सगळ्याच अडलो. आणि एक सोडून सगळ्याच खाडीवर गेलो.

शाळेच्या त्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो आम्ही ओळीने, लग्नाला जायच्या साड्या नेसून. आतलं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. पहिलीला विचारलं, तुमचं मूल दिवसभर काय करतं. ती म्हणाली, माय सन प्लेज. मग अडली. मग एकदम, वी गो टू क्रीक. देअर इज फ्लेमिंगो. फ्लेमिंगो हॅज लाँग लेग्ज. आतून "व्हेरी नाइस" असं आलं. दुसरीला वेगळाच प्रश्न विचारला, तिचेही फ्लेमिंगोच निघाले. तिसरीला घरात कोण कोण असतं असं विचारलं, तिने आई, वडील, सासू सांगितली आणि मग फ्लॉक, म्हणजे थवा, सांगितला. तेव्हा आत कुणीतरी हसलं. मग प्रिन्सिपल बाईंनी बाजूच्या खोलीतल्या दोन टीचरांना बोलावून घेतलं. "कम, कम, लिसन टु धिस." ताई, त्या टीचर चहाचे कप हातात घेऊन आल्या. आमच्या समोरून गेल्या.

रेश्मा गेली आणि तिला काहीच सुचलं नाही. ती नुसती रडून बाहेर आली.

शेवटी मी. मला बाहेर बसून सगळं कळलं होतं. आपण फ्लेमिंगोचं नाव काढायचं नाही, हेही कळलं होतं. पण मग बोलायचं कशावर? माझ्याकडे दुसरे शब्दच नव्हते. मी खुर्चीत बसले. बाईंनी विचारलं, व्हॉट डझ युअर डॉटर लाइक टू ईट? मला डाळ-भात सांगायचा होता. माय डॉटर ईट्स, म्हणाले मी, आणि पुढे डोक्यात एकच शब्द आला आणि तोच तोंडातून गेला.

"युअर डॉटर ईट्स फ्लेमिंगो?"

तिघी हसल्या. एकीच्या कपातला चहा बशीत सांडला. मी उठले नाही. मी तुम्ही शिकवलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. लेग, नेक, बीक, मड, नेस्ट, एक अंडं, राखाडी पिल्लू, आई, बाप. ग्रोज अँड बिकम्स पिंक. एकही चूक केली नाही. त्या हसत होत्या आणि मी बोलत होते. मग एका टीचरने विचारलं, "आप सब लोग किधर क्लास जाते हो?" मी म्हटलं, "मेरी ननंद सिखाती है." पुन्हा हसल्या.

एकाही पोराचा नंबर लागला नाही.

त्या संध्याकाळी बायका आपल्या घरी आल्या ते आठवतंय ना? तुम्हाला चांगलंच आठवत असणार. "तुमच्या पक्ष्यापायी आमच्या पोरांचं वाटोळं झालं" इथपासून "स्वतःची शाळा बुडाली आता आमची पोरं बुडवा" इथपर्यंत. मी मध्ये पडले, त्यांच्याशी भांडले. आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे." खाली बघून. चटई गुंडाळून कपाटामागे टाकलीत आणि वर्ग बंद केलात.

इथेच आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हटलं, "चूक कशी तुमची? त्या बायका शब्द विसरल्या नाहीत. एकही अक्षर चुकलं नाही. चहा पीत हसल्या त्या. उद्या जा तुम्ही त्या शाळेत. तुम्हाला इंग्रजी येते. त्या बाईला विचारा की आयांची टिंगल करायला बसलाय का तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "नको, सुजाता." मी म्हटलं, "का नको?" तुम्ही मोरीत गेलात.

मग दर वर्षी, दर ॲडमिशनच्या दिवसांत, मी तेच आणि तुम्ही तेच. तुमचा भाऊ म्हणायचा, "सोड ना गं, जुनं उकरून काय मिळणारे?" मला काही मिळवायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की तुम्ही एकदा म्हणावं, त्या बाई वाईट वागल्या. ते तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. तुम्ही त्यांच्या बाजूने गेलात असं मला वाटायचं. टीव्हीवर खाडीतल्या गुलाबी पक्ष्यांची बातमी लागली तर तुम्ही चॅनल बदलायचात. एवढा राग त्या पक्ष्यांवर, आणि त्या बाईवर काहीच नाही? मला ते कळतच नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर आठवड्याने रेश्माच्या श्रुतीचा नंबर लागल्याचं कळलं. एकटीचा. जी आत नुसती रडून आली होती तिचा. गल्लीत सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला की कुठल्यातरी नगरसेवकाचा हात आहे. रेश्माशी मी त्यानंतर बोलले नाही. ती समोरून आली की मी रस्ता ओलांडायचे. तुम्ही हे बघत होतात. तुम्ही रोज हे बघत होतात, ताई.

मानसीला गल्लीच्या टोकाच्या शाळेत घातली, सेमी-इंग्लिश. आणि तुम्ही तिला रोज संध्याकाळी घेऊन बसायला लागलात. एक दिवस खाडा नाही. ताप असला तरी. ती कंटाळायची, रडायची, तुम्ही सोडायचा नाहीत. वाचून घ्यायचात, लिहून घ्यायचात, भांडीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी मनातल्या मनात इंग्रजीत बोलायला लावायचात. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि म्हणायचे, वर्ग बंद पाडला त्याचं हे प्रायश्चित्त चाललंय. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, हे आत्ताच म्हणून टाकते. मानसी आज ज्या इंग्रजीत बोलते ती कुठल्या शाळेने दिलेली नाही. हे मी चारचौघांत नेहमी म्हणत आले. तुमच्या तोंडावर मात्र म्हटलं नाही, कारण तोंडावर आपलं भांडण चालू असायचं.

आणि मग हॉस्पिटल. मीरा रोडला त्या शेअरिंगच्या खोलीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडलेल्या. तरुण डॉक्टर आला. त्याने आधी तुमच्याकडे बघितलं, मग विचारलं, "आंटी, इंग्लिश समझती हो?" तुमचा भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही मान हलवलीत. नाही. डॉक्टर सुटल्यासारखा आमच्याकडे वळला आणि तुमच्या पलंगाच्या कडेला उभं राहून भडाभडा इंग्रजीत सगळं सांगून मोकळा झाला. शी इज व्हेरी वीक. शी वोन्ट ईट नाऊ. नो युज. टेक हर होम.

ताई, ते सगळे शब्द मला कळले. वीक, ईट, होम. तुमच्याच वर्गातले. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. बोलू नकोस, असं तुमचे डोळे सांगत होते. तुम्हाला खरं ऐकायचं होतं म्हणून तुम्ही खोटं बोललात. मला त्या पोराच्या अंगावर ओरडायचं होतं, की अरे, ही बाई तुझ्यासारख्या दहा जणांना इंग्रजी शिकवेल. तुम्ही मला तेवढंही करू दिलं नाहीत. घरी येईपर्यंत रिक्षात तुम्ही माझा हात धरून होतात आणि मी रागाने बाहेर बघत होते.

बरं. आता रेश्मा.

परवा दुपारी आली. केस पांढरे झालेत तिचे. मी दार उघडलं आणि सवयीने तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, "वहिनी, आत येऊ दे. ताईंचं एक ओझं माझ्याजवळ हाय. ते ठेवून जाते." बसली आणि रडायलाच लागली. मी पाणी दिलं. पाणी दिलं ते तुमच्या फोटोसाठी, तिच्यासाठी नाही.

तिने सांगितलं ते असं. नंबर न लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या दारात गेलात. इस्त्रीची साडी, हातात पर्स. म्हणालात, "चल माझ्याबरोबर." तिला घेऊन तुम्ही त्या शाळेत गेलात. दुपारपर्यंत तुम्हाला बाहेर बसवून ठेवलं. मग आत बोलावलं. तुम्ही उभ्या राहून इंग्रजीत बोललात. रेश्माला त्यातलं थोडंच कळलं. "माय मिस्टेक" कळलं. "मदर्स" कळलं. "नॉट टु लाफ" कळलं. "एकदम हळू आवाजात बोलत व्हत्या ताई," ती म्हणाली, "पण त्या प्रिन्सिपल बाईचं तोंड उतरलं, वहिनी. मी बघितलं." शेवटी त्या बाई म्हणाल्या, एक जागा रिकामी झालीये. एकच. नाव सांगा.

आणि तुम्ही श्रुतीचं नाव सांगितलंत.

बाहेर आल्यावर रेश्माने तुमचे पाय धरले आणि विचारलं, "ताई, आणि तुमची मानसी?" तिची सासू तिला आणि पोरीला महाडला पाठवायला निघाली होती, हे तुम्हाला माहीत होतं. इथल्या शाळेत नंबर लागला तर राहा, नाही तर गावी जा, पोरीला एवढं शिकवून काय करायचंय, असं ती म्हातारी म्हणायची. तुम्ही रेश्माला म्हणालात, "मानसीला घरात मी आहे. तुझ्या पोरीला कोण आहे? चल, पाय उचल, उशीर होतोय." आणि मग रस्त्यात थांबून म्हणालात, "सुजाताला सांगू नकोस. तिला सहन होणार नाही."

म्हणजे तुम्ही गेला होतात. मी दर वर्षी घसा फोडून सांगत होते की जा, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊन आला होतात. मला हवं होतं ते त्या बाईला बोललात, आणि ते ऐकायला मला सोबत नेलं नाहीत. माझ्या मुलीची जागा तुम्ही दुसरीला देऊन आलात, माझ्याच घरात बसून माझ्याच हातचं जेवलात, आणि मला रेश्माला टाळून रस्ता ओलांडताना बघत राहिलात. हे कुठलं शांत असणं, ताई?

श्रुती नर्स झाली आहे. रेश्माने फोटो दाखवला. चांगली दिसते पोर. मला आनंद झाला. नाही, खोटं कशाला बोलू, आधी वाईट वाटलं आणि मग आनंद झाला. रेश्मा गेल्यावर मी दार लावलं आणि तुमच्या फोटोसमोर उभं राहून तुम्हाला वाट्टेल ते बोलले. तोंडाला येईल ते. शेजारणीने भिंतीवर थाप मारून विचारलं, "काय झालं गं?"

संध्याकाळी मानसी कॉलेजातून आली. मी ठरवलं होतं की तिला सांगायचं नाही. आत्या म्हणजे तिचा जीव, कशाला तिच्या मनात विष कालवायचं? पण मला राहवलं नाही. चहा पिता पिता सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आई, मला माहितीये."

"काय माहितीये?"

"आत्याने मला दहावीच्या सुट्टीत सांगितलं होतं. म्हणाली, तुझ्या वाट्याचं मी एकीला दिलंय, तुला राग येत असेल तर बोल."

"आणि तू?"

"मी काय? मी बोलले, बरं केलंस. मला तू मिळालीस ना."

"मला का नाही सांगितलंत दोघींनी?"

मानसी माझ्याकडे बघत नव्हती. "आत्याच नको बोलली. म्हणाली, आईला झेपणार नाही. ती घर सोडून जा म्हणेल मला."

ताई, तुम्ही एका परक्या बाईवर विश्वास टाकलात. दहावीतल्या पोरीवर टाकलात. त्या हसणाऱ्या प्रिन्सिपल बाईसमोरसुद्धा चूक माझी म्हणून उभ्या राहिलात. आणि मी, जिच्या शेजारच्या खोलीत तुम्ही रोज झोपलात, तुम्ही मीठ कमी म्हटलंत तरी जिने तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या आवडीची भाजी केली, ती तुम्हाला घराबाहेर काढेल असं तुम्हाला वाटलं. एवढ्या वर्षांत तुम्हाला माझं बोलणं ऐकू आलं आणि मी दिसले नाही.

मी ओरडले असते, ताई. सगळी गल्ली गोळा झाली असती एवढी ओरडले असते. तुमच्या भावाला ओरडले असते, रेश्माच्या घरी जाऊन ओरडून आले असते. महिनाभर तुमच्याशी बोलले नसते. आणि रात्री जेवणाच्या वेळी, न बोलता, तुमचं ताट वाढलं असतं.